पुणेरी पलटण : बोली कोणावर, भरवसा कोणावर

अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ खेळला जातो, त्यात नव्या खेळाडूंची वाटणी पाळीने होते. आदल्या वर्षी जो संघ तळाला राहिला, त्याला पहिली निवड; जो जिंकला, त्याची पाळी शेवटी. ही पद्धत सुरू झाली १९३६ साली. त्या पहिल्या वाटणीत फिलाडेल्फियाच्या संघाने सर्वांत आधी निवडला तो जे बेरवँगर, आणि तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. उलट २००० साली टॉम ब्रेडीचे नाव १९९ व्या पाळीला आले आणि पुढे त्याने सात अजिंक्यपदे मिळवली. हे निव्वळ योगायोग आहेत असे कुणी म्हणेल. म्हणून केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी अनेक वर्षांच्या निवडी तपासल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की अगदी वरच्या निवडीसाठी संघ जी किंमत मोजतात ती त्या खेळाडूच्या कामगिरीच्या मानाने जास्त असते. आपल्याकडे प्रो कबड्डीत पाळीऐवजी लिलाव आहे. पण तिथेही तीच चूक होते आहे, आणि पुण्याच्या संघाने ती आधी करून मग सुधारली, एवढे मला आज मांडायचे आहे.

आधी लिलावाचा हिशेब पाहू. २०१७ पासून २०२५ पर्यंतचे आठ हंगाम घ्या. प्रत्येक लिलावात सर्वांत मोठी बोली लागलेला खेळाडू आणि त्या हंगामाचा विजेता संघ, या दोन गोष्टी एकदाही जुळलेल्या नाहीत. २०१८ मध्ये मोनू गोयतला हरियाणाने १ कोटी ५१ लाखांना घेतले आणि अजिंक्यपद बेंगळुरूकडे गेले. २०१९ मध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईवर तेलुगू संघाने १ कोटी ४५ लाख लावले. तो संघ बारांत अकरावा आला. आता देसाई कमी पडला का? मुळीच नाही. आदल्या हंगामात मुंबईकडून त्याने चढाईत दोनशेच्या वर गुण मिळवले होते, तेलुगू संघाकडूनही दोनशेच्या वरच मिळवले. माणूस तोच आणि चढाईही तीच होती, फक्त भोवतीचे सहा जण बदलले होते. २०२२ चे उदाहरण तर याहून बोलके आहे. तमिळ संघाने पवन सेहरावतसाठी २ कोटी २६ लाख ५० हजार मोजले, पहिल्याच सामन्यात तो जायबंदी झाला, हंगामभर मैदानाबाहेर राहिला, आणि त्याच्याशिवाय तो संघ इतिहासात प्रथमच उपांत्य फेरीत पोचला.

कबड्डी ज्यांनी मैदानाच्या कडेला उभे राहून पाहिली आहे, त्यांना याचे कारण सांगायला नको. चढाईपटू बोनससाठी पाय पुढे टाकतो, त्या क्षणी कोपरारक्षक त्याच्या चवड्यावर झेप घेतो. ही झेप डोळ्यांत भरते, टाळ्या तिलाच मिळतात. पण पकड पुरी होते ती शेजारच्या मध्यरक्षकाने तोच क्षण साधून परतीची वाट बंद केली तर. त्याला अर्धा सेकंद उशीर झाला की चढाईपटू कोपरारक्षकाला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेतो, आणि जी पकड व्हायची तिथे गुण उलट समोरच्याच्या खात्यात पडतो. हा अर्धा सेकंद लिलावात विकत मिळत नाही. दोघांनी महिनोन्‌महिने एकाच साखळीत सराव केला म्हणजे तो येतो.

पुणेरी पलटणने हे उशिराच ओळखले. पहिल्या दोन हंगामांत हा संघ आठांत आठवा होता. मग मोठ्या नावांचा मार्ग धरून झाला. नितीन तोमरवर २०१८ मध्ये १ कोटी १५ लाख आणि २०१९ मध्ये १ कोटी २० लाख खर्च झाले; दोन्ही वर्षी संघ बाद फेरीबाहेर राहिला. याच काळात संघाने वयाने लहान, नाव नसलेली पोरे आपल्या प्रशिक्षण केंद्रात घडवायला घेतली. लिलावाबाहेरून, ठरलेल्या थोड्या मानधनावर नवे तरुण खेळाडू घेण्याची जी सोय लीगने ठेवली आहे, तिचा इतका चिकाटीने उपयोग फार थोड्या संघांनी केला असेल. पंकज मोहिते, मोहित गोयत, आकाश शिंदे ही त्यातली नावे. आणि त्यातलाच अस्लम इनामदार, आपल्या श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा. तो पुढे कर्णधार झाला, दहाव्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत इराणला ३३-२९ असे हरवून सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात अस्लम होता आणि आकाशही होता. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असे नमवून पुण्याने पहिले अजिंक्यपद जिंकले, तेव्हा अंतिम सामन्याला कलाटणी दिली ती पंकज मोहितेच्या चार गुणांच्या एका चढाईने.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. त्या विजेत्या संघात मोहम्मदरेझा शादलूई होता ना? इराणच्या या बचावपटूसाठी पुण्याने २०२३ च्या लिलावात २ कोटी ३५ लाख मोजले होते. त्याच लिलावात तेलुगू संघाने पवनसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार दिले. प्रत्येक संघाची थैली ५ कोटींची होती. म्हणजे एकाने ४७ टक्के आणि दुसऱ्याने ५२ टक्के पैसा एकाच माणसावर लावला. फरक नगण्य, पण पुणे पहिले आले आणि तेलुगू संघ शेवटचा, बारावा. दोघांनी जवळपास सारखाच जुगार खेळला असेल तर निकालातले हे अंतर बोलीने समजावता येत नाही. ते समजते उरलेल्या निम्म्या पैशात कोण उभे होते, यावरून. शादलूई येण्याच्या आधीच्याच हंगामात पुणे अंतिम फेरीत पोचून जयपूरकडून चार गुणांनी हरले होते. तयार घराला त्याने कळस चढवला, पाया आधीच भरलेला होता.

आक्षेप घेणारा एवढ्यावर थांबणार नाही, थांबूही नये. तो म्हणेल, पुढच्या वर्षी शादलूई हरियाणाकडे गेला, हरियाणा जिंकले आणि पुणे बाद फेरीतसुद्धा पोचले नाही. खरे आहे, त्या हंगामात अस्लम जायबंदी होता हेही खरे आहे. घडवलेल्या पोरांवर उभा राहिलेला संघ दुखापतींपासून सुरक्षित असतो, असा माझा दावा नाही. पण हरियाणाचा संघ आदल्या वर्षीचाच उपविजेता होता, जयदीप दहियासारखे खेळाडू तिथे मुरलेले होते, आणि पाटण्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात सर्वाधिक गुण मिळवले ते महाराष्ट्राच्या तरुण शिवम पटारेने. २०२५ मध्ये हाच शादलूई २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला, तर गुजरातला पहिल्या आठांतही जागा मिळाली नाही. पुणे मात्र त्याच्याशिवाय अस्लमच्या नेतृत्वाखाली पुन्हा अंतिम फेरीत होते. दिल्लीकडून ३१-२८ असे हरले, पण तिथवर पोचले. मोठी नावे नसतील तर प्रेक्षक येणार नाहीत, असेही म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. मग त्या खर्चाला जाहिरातीचा खर्च म्हणावे, संघबांधणी म्हणू नये.

आता माझ्याच बाजूची एक उणी गोष्ट बोलली पाहिजे, कारण ती मला अस्वस्थ करते. घडवलेली पोरे संघाला स्वस्तात पडतात, म्हणूनच हे गणित जमते. मॅसी आणि थेलर यांच्या निबंधातही संघाचा फायदा अशाच खेळाडूंतून निघतो, ज्यांचे काम मोठे आणि करार लहान. म्हणजे हा नफा एखाद्या विशीतल्या मुलाच्या खिशातून येतो. चंदगडच्या सिद्धार्थ देसाईसारख्या मुलाला दीड कोटीच्या घरात बोली लागते याचा मला आनंदच आहे. लिलाव नको असे मी म्हणणार नाही. कमी मानधनाचा काळ नेमका आणि आखूड असावा, ही पहिली मागणी. दुसरी मागणी त्याहून मोठी आहे. टाकळीभानसारख्या गावात मातीवर पाणी मारून, चुन्याने रेषा आखून ज्या मंडळाने पोराला पहिली पकड शिकवली, त्या मंडळाच्या हाती या सगळ्यातून एक रुपयाही हक्काने येत नाही. जागतिक फुटबॉलमध्ये, म्हणजे पायाने खेळायच्या फुटबॉलमध्ये, खेळाडू एका क्लबातून दुसऱ्यात गेला की रकमेतले ५ टक्के त्याच्या वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षांत ज्यांनी त्याला घडवले त्या क्लबांना वाटून दिले जातात. तसाच वाटा आपल्या मंडळांनाही मिळावा, ही ती मागणी. कबड्डीत असे करता येणार नाही, कोण कुणाचा पहिला गुरू हे ठरवायचे कसे, असे विचारले जाईल. खेळाडू कुठल्या मंडळाकडून उतरला याची नोंद जिल्हा संघटनेकडे असते. वाद होतील, पण ते नोंदवहीने मिटण्यासारखे आहेत. आणि रक्कम किरकोळ नाही. २०१४ च्या पहिल्या लिलावात राकेश कुमारला जी सर्वोच्च बोली लागली, ती १२ लाख ८० हजारांची होती. २०२३ च्या सर्वोच्च बोलीचे नुसते ५ टक्के काढले, तर ते १३ लाखांच्या वर जातात.