मीठ धुण्याचं पाणी

कवी मिठावर बोलायला बसला म्हणजे तो लगेच अश्रूंकडे वळणार, अशी धास्ती तुम्हांला वाटत असेल. मी वळणार नाही. माझं बालपण उरणकडच्या खाडीकाठी गेलं. वडील मिठागरावर मुकादम होते. पुढं मी मराठी घेऊन बी. ए. झालो, पण रसायनशास्त्राचा एक धडा मला बांधावर उभ्या उभ्याच मिळाला होता. आज तोच सांगतो.

आमच्या शाळेच्या पुस्तकात त्या धड्यातला मुख्य शब्द होता ‘संपृक्त द्रावण’. आणखी मीठ टाकलं तर विरघळणार नाही, तळाशी बसून राहील, असं पाणी. माझा चुलतभाऊ उर्दू शाळेत जायचा. त्याच्या पुस्तकात याच पाण्याला ‘सेरशुदा महलूल’ म्हटलं होतं. सेर म्हणजे पोट भरलेला, तृप्त. म्हणजे मराठी पुस्तकात पाणी कुणाशी तरी घट्ट जोडलं गेलेलं आणि उर्दू पुस्तकात ते जेवून ढेकर दिलेलं! संपृक्त हा शब्द कालिदासानं रघुवंशाच्या पहिल्याच श्लोकात शब्द आणि अर्थ यांच्या अतूट नात्यासाठी वापरला आहे, हे मला कॉलेजात कळलं. कवी म्हणून मला तो शब्द थोर वाटतो. पण मुलांना शिकवायचं झालं तर मी उर्दू शब्दाच्या बाजूनं मत देईन. भूक आणि पोट कुणालाही कळतं.

आता मीठ पाण्यात जातं म्हणजे काय होतं? मिठाचा खडा म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांच्या विद्युतभारित कणांची शिस्तीत रचलेली भिंत. एक कण धन, शेजारचा ऋण, याच ओढीनं भिंत उभी असते. पाण्याच्या रेणूचंही एक टोक किंचित धन आणि दुसरं किंचित ऋण असतं. हे रेणू खड्याला चहूबाजूंनी भिडतात, एकेक कण ओढून काढतात आणि त्याच्याभोवती कडं करतात. साखरेचे रेणू मात्र न फुटता अख्खेच सुटे होतात. तेलाच्या रेणूंना अशी टोकंच नाहीत, त्यामुळे पाण्याचे रेणू आपापसांतच बिलगून राहतात आणि तेल वर तरंगतं.

पोट भरल्यावरही पाणी स्वस्थ बसत नाही, हे मात्र सेरशुदा शब्दात येत नाही. तळाशी राहिलेल्या खड्यातून कण सुटतच असतात, आणि तितकेच कण पाण्यातून परत येऊन खड्याला चिकटत असतात. जाणारे आणि येणारे सारखे झाले की आपल्याला वाटतं, सगळं थांबलं. घरी खारातल्या कैऱ्या घालताना मीठ विरघळायचं थांबेपर्यंत पाण्यात टाकत राहतात, तेव्हा बरणीच्या तळाशी हीच ये-जा चालू असते. काही घरांत पाण्यात अंडं तरंगलं की खार झाला असं मानतात. ते अंडं सुमारे दहा टक्के मिठातच तरंगायला लागतं. खरा संपृक्त खार त्याच्या कितीतरी पुढं असतो.

किती पुढं? साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावतं. पाणी उकळीपर्यंत तापवलंत तरी हा आकडा जेमतेम ३९ वर जातो. साखरेचं उलट आहे. तेवढ्याच थंड पाण्यात २०० ग्रॅम साखर जाते आणि उकळत्या पाण्यात पावणेपाचशेच्याही वर. म्हणून साखरेचा गरम दाट पाक करून दोरा सोडून ठेवला की, तो निवताना जास्तीची साखर दोऱ्यावर येऊन बसते आणि खडीसाखर होते. मिठाचं असं करता येत नाही. गरम खार थंड करून हाती मूठभर मीठ आलं तर आलं. मीठ हवं असेल तर पाणीच उडवून लावलं पाहिजे, आणि त्याला लागतं ऊन, वारा, दिवस आणि ऐसपैस सपाट जमीन. (हवेचं तर तिसरंच तंत्र आहे. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. भर उन्हाळ्यात डबक्यातले मासे तोंड वर काढतात ते त्यामुळे.)

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सगळे क्षार मिळून सुमारे ३५ ग्रॅम असतात आणि त्यांतलं पाऊणएक भाग आपलं खायचं मीठ. म्हणजे समुद्र संपृक्ततेच्या आसपासही नाही. पावसाळा सरला की बांध दुरुस्त व्हायचे, आणि उधाणाच्या भरतीला उघाडी उचलून पाणी आत घ्यायचे. मग ते एका कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. प्रत्येक कप्प्यात पाणी आटत जातं. आधी चुन्यासारखा क्षार बसतो, मग जिप्सम. पाण्याचा जवळजवळ नऊदशांश भाग उडून गेला की मिठाची पाळी येते. वडील काचेची नळी पाण्यात सोडून ‘डिग्री’ बघायचे. पंचवीसच्या पुढं काटा गेला की दुपारी पाण्यावर पातळ, चौकोनी पापुद्रे तरंगू लागत आणि जड होऊन बुडत. आमच्याकडे मीठ पिकतं म्हणतात, बनतं म्हणत नाहीत.

किनाऱ्यावरच्या खडकांच्या खळग्यांत हे काम माणसाशिवायही होतं. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला उचललं ते असंच समुद्रानं मागं टाकलेलं मीठ होतं, आणि ते उचलणं गुन्हा होता. त्याच वर्षी आपल्याकडे शिरोड्याला आणि वडाळ्याला लोकांनी लाठ्या खाल्ल्या. ऊन-वाऱ्यानं आयतं दिलेल्या वस्तूवर कर, याची चीड खाडीकाठच्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मला सगळ्यांत नवल वाटायचं ते पुढच्या कामाचं. ओढून काढलेलं मीठ चिखलानं मळकट असतं. ते धुवायचं कशानं? गोड्या पाण्यानं धुतलं तर पीकच वाहून जाईल. म्हणून मीठ धुतात ते मिठाच्याच पाण्यानं. संपृक्त खाराचं पोट भरलेलं असतं, तो मिठाला हात लावत नाही, पण चिखल नेतो आणि कडवट मॅग्नेशियमचे क्षारही नेतो, कारण त्यांच्यासाठी त्यात अजून जागा असते. एकाच पाण्याची एका पदार्थाची भूक भागलेली, दुसऱ्याची शिल्लक. बायामाणसं गुडघाभर खारात उभी राहून फावड्यानं मीठ घुसळत. पायांना चिरा पडलेल्या असत आणि त्या चिरांत तोच खार. मिठाचा भाव ऐकताना मला अजून ते पाय दिसतात.

मुंबईच्या पूर्व उपनगरांत अशी मिठागरं मैलच्या मैल होती. २०२४ साली केंद्र सरकारनं त्यांतली काही जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी राज्याला द्यायला मंजुरी दिली. घरं हवीत, झोपडीत दिवस काढणाऱ्या माणसाला मी खाडीच्या सौंदर्यावर व्याख्यान देणार नाही. पण या जमिनीला ‘पडीक’ म्हणतात ते मला सोसत नाही. ती सखल जमीन आहे. भरतीचं आणि पावसाचं पाणी तिथं पसरतं. भराव टाकल्यावर ते पाणी जाणार कुठं, याचं उत्तर घरांच्या नकाशाबरोबरच द्यायला हवं, नाहीतर त्याच घरांच्या तळमजल्यावर ते येईल.

पाऊस हा मिठागराचा जुना सावकार. २०२५ साली तो २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. अशी सर कप्प्यावर पडली की खार पातळ होतो, पुन्हा भुकेला होतो आणि खाली बसलेलं मीठ परत गिळू लागतो. काही आठवड्यांचं ऊन एका रात्रीत फुकट. बांधावरच्या ढिगाचं तसं होत नाही. वरून पडलेलं पाणी ढिगाच्या पहिल्या थरातच संपृक्त होतं आणि मग आतल्या मिठाला न खाता झिरपून जातं. वरचा थर पुढं उन्हात कडक कवचासारखा आवळतो. तरी वडील ताडपत्री टाकायलाच लावायचे. पहिला थरसुद्धा कुणाच्या तरी मजुरीचा असतो, म्हणायचे, आणि दोर घट्ट बांधला का ते स्वतः ओढून बघायचे.