सुरुंगाआधी विहीर मोजा



थेट पाण्याकडे वळतो. खाणवाल्यांच्या या परिषदेत कालपासून स्फोटकं, क्रशर, धूळ, रॉयल्टी या सगळ्यांवर निबंध झाले. पाण्याची पाळी आली ती जेवणाआधीच्या शेवटच्या दहा मिनिटांत. खाणींतही त्याचा नंबर असाच लागतो. जूनमध्ये तळ भरला की पंपाची शोधाशोध होते, मार्चमध्ये खालच्या वस्तीच्या विहिरी आटल्या की तक्रार अर्ज येतो, आणि मधले महिने पाण्याचं कुणी नाव काढत नाही.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या पावसाखाली पाच हेक्टरांची खाण असती, तर नुसतं आभाळातून तिच्यात पावणेपाच कोटी लिटर पाणी उतरलं असतं. असा दिवस क्वचितच येतो, मान्य. पण शे-दोनशे मिलिमीटरचे दिवस कोकणाला नवे नाहीत. त्यात डोंगरउतारावरचं पाणी खाणीत येऊ देणं हा शुद्ध वेडेपणा आहे. ते स्वच्छ असतं. माथ्यावर चर काढून ते बाहेरच्या बाहेर ओढ्याला लावावं. चर आपण काढतोही, पण बऱ्याचदा नुसत्या मुरमात, आणि त्याचं तोंड सोडतो कुणाच्या तरी बांधावर. मग खाण पाण्यापासून वाचते आणि शेत वाहून जातं.

आत पडलेल्या पाण्याची तऱ्हा वेगळी. त्यात दगडाची भुकटी असते. दहा मायक्रॉनचा कण एक मीटर खोल स्थिर पाण्यात तळाशी बसायला साधारण तीन तास घेतो. एक मायक्रॉनचा कण अकरा-बारा दिवस. खाणीच्या कोपऱ्यात एक खड्डा काढून त्याला गाळकुंड म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करावा. क्रश सँड धुणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण सर्वांत बारीक भुकटी त्यांच्याच पाण्यात असते. एकामागून एक तीन कुंडं, वेळच्या वेळी गाळउपसा आणि तेच पाणी पुन्हा धुण्याला व रस्त्यावर मारायला वापरणं, यात अवघड काही नाही. आणखी एक गोष्ट: ओल्या भोकात स्वस्त म्हणून अमोनियम नायट्रेट-डिझेलचं मिश्रण भरू नका. ते पाण्यात विरघळतं, सुरुंग फुसका जातो आणि नायट्रेट भूजलात उतरतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे.

खरा गुंता भूजलाचा. आपला काळा पाषाण म्हणजे लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. थराचा खालचा भाग घट्ट, वरचा सच्छिद्र, आणि अधूनमधून तांबड्या मातीचा पट्टा. पाणी राहतं ते मुरमात, सच्छिद्र भागात आणि फटींमध्ये. घट्ट दगड पाणी धरत नाही, म्हणून तो खडीला उत्तम; पण त्याच्यापर्यंत पोहोचायला आपण पाण्याचे थरच कापतो. कापलेल्या भिंतीतून पाझर सुरू झाला की कामगार म्हणतात, पाणी लागलं. तेच पाणी आजवर कुणाच्या तरी विहिरीत लागत होतं. आणि फटी सरळ रेषेत विचारून जात नाहीत. खाणीला लागून असलेली विहीर भरलेली आणि अर्ध्या किलोमीटरवरची कोरडी, असं होऊ शकतं. धुळे-नंदुरबारकडे तर डाइक, म्हणजे लाव्हाच्या थरांत घुसलेल्या उभ्या कातळभिंती, आहेत. असा डाइक कधी भूजलाला जमिनीखालचा बंधारा ठरतो. तो फोडला तर वरच्या बाजूचं पाणी निसटतं.

म्हणून विहीर आटली की दोन्ही पक्ष शपथेवर बोलतात आणि दोघांकडेही आकडा नसतो. शेतकरी म्हणतो खाणीमुळे, मालक म्हणतो पाऊस कमी झाला. कदाचित दोघेही खरं सांगत असतील, पण ठरवायचं कशावरून?

कायदा नाही असं नाही. 2012 च्या दीपककुमार विरुद्ध हरियाणा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजांच्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे भूजलपातळी छेदणाऱ्या खाणीला ना-हरकत दाखला लागतो. अडचण अशी की पट्टे शेजारी शेजारी, प्रत्येकाची फाइल वेगळी, आणि खालचा खडक एकच. दहा खाणींचा उपसा एकत्र मोजायची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.

बंद खाणींबद्दल थोडक्यात. त्यांत शहराचा कचरा टाकायला माझा सक्त विरोध आहे, कारण त्यांच्या भिंतींत भूजलाच्या फटी उघड्या पडलेल्या असतात. कुंपण आणि उतरायला पायऱ्या असतील, तर तोच खड्डा गावाचा तलाव होतो. आपल्या गडांवर हेच झालं: तटबंदीसाठी दगड काढला, उरलं ते टाकं. मात्र रायगडचा हत्ती तलाव वर्षानुवर्षं पाणी धरत नव्हता, हेही लक्षात असू द्या. तळाच्या भेगा न पाहता कुठल्याही खाणीला तलाव म्हणून मिरवू नये.

माझं मागणं एकच आहे. नवा खाणपट्टा मिळाला की पहिल्या सुरुंगाआधी आसपासच्या सगळ्या विहिरींची पातळी मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजा, नोंदीवर मालक आणि शेतकरी दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत ग्रामपंचायतीत लावा आणि खाण बंद होईपर्यंत ही मोजणी थांबवू नका. मोजायला टेप आणि वही लागते. चालू खाणवाल्यांनी येत्या मे महिन्यात सुरुवात करावी.