अनोळखी माणसाशी वाद घालताना

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला तो असा की, आपली तरुण मुले मोबाईलवर अनोळखी माणसांशी राजकारणावरून, आरक्षणावरून, जातीधर्मावरून जे वाद घालतात, त्याबद्दल चार शब्द सांगावेत. विषय दिसायला लहान आहे. पण ज्या घरात असा मुलगा आहे त्या घराला विचारा! जेवताना त्याच्या हातातला मोबाईल सुटत नाही. रात्री दोन वाजता उठून तो कोणाला तरी उत्तर लिहितो आणि सकाळी लाल डोळ्यांनी पहिल्या पाळीला कंपनीत जातो. आई विचारते, "बाळा, कोणाशी भांडतोस रे?" तो म्हणतो, "ओळखत नाही." ज्याला ओळखत नाही, ज्याचे खरे नावही ठाऊक नाही, त्याच्याशी भांडण आणि झोप मात्र आपली गेली!

वाद घालणे आपल्या समाजाला नवीन नाही. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. तेव्हापासून १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे हा वाद कॅन्टीनमध्ये, गाडीच्या डब्यात, कामाच्या ठिकाणी चालला. १९८७-८८ साली 'रिडल्स'चे प्रकरण झाले, तेव्हाही तेच. पण त्या वेळी समोरच्याचा चेहरा दिसत होता. बोईसरला गाडीतून उतरलो की बरेचसे भांडण डब्यातच राहायचे. दुसऱ्या दिवशी तोच माणूस सरकून बसायला जागा द्यायचा. आता चेहरा दिसत नाही आणि लिहिलेला शब्द पुसला जात नाही. एवढा फरक झाला आहे, आणि तो लहान नाही.

हा फरक किती मोठा आहे, हे देशाला आपल्या पालघरने दाखवून दिले आहे. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर लिहिले. आशय एवढाच की, हे बंद आदरापोटी आहे की भीतीपोटी? त्यात शिवी नव्हती, कोणाला मारा म्हटले नव्हते. तिच्या मैत्रिणीने त्याला 'लाईक' केले. तेवढ्यावर दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्यावर जमाव चालून गेला आणि मोडतोड झाली. न्यायालयातून प्रत्येकी पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर त्या सुटल्या. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि मुलींवरचा गुन्हाही टिकला नाही. पण विचार करा, विशी-एकविशीच्या मुली! एका सवालासाठी पोलीस ठाणे, कोर्ट आणि सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत फोटो.

त्या अटकेनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. तो निकाल देताना न्यायमूर्तींनी एक भेद सांगितला, तो प्रत्येक तरुणाने पाठ करावा असा आहे. एक म्हणजे चर्चा, दुसरे म्हणजे एखाद्या मताची बाजू मांडणे, आणि तिसरे म्हणजे चिथावणी. पहिल्या दोन गोष्टी, मग ते मत कितीही लोकांना न आवडणारे असो, घटनेच्या कलम १९ ने दिलेल्या हक्कात येतात. बंधन येते ते तिसऱ्या पायरीवर, म्हणजे चिथावणीवर. बाबासाहेबांच्या घटनेने दिलेला हा हक्क आपल्याला जसा आहे, तसाच आपल्या विरोधकालाही आहे. तो आपल्याला कडू लागेल असे बोलला तरी आहे, बरं का!

आता दुसरी घटना. ती तर आपल्याच डहाणू तालुक्यातली. १६ एप्रिल २०२० ची रात्र. कोरोनाची टाळेबंदी होती. गडचिंचले येथे जमावाने गाडी अडवली. त्या गाडीतल्या दोन साधूंना आणि त्यांच्या ड्रायव्हरला मारून टाकले. ते मुंबईहून सुरतेला अंत्यसंस्कारासाठी निघाले होते. त्या दिवसांत या पट्ट्यात चोर आणि मुले पळवणारे फिरतात अशी अफवा मोबाईलवरून आणि तोंडोतोंडी पसरली होती. कोणी पाठवले, कोणी पाहिले, हे कोणी विचारले नाही. आणि मग दुसरा तमाशा सुरू झाला. ज्यांनी पालघर नकाशावर पाहिले नव्हते ते हजारो कोसांवरून लिहू लागले की, हे अमुक धर्माच्या लोकांनी केले. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावे लागले की, यात एकही मुसलमान नाही. तीन माणसे अफवेने गेली, आणि त्यांच्या प्रेतांवर पुन्हा नवी अफवा उभी राहिली.

या दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात खऱ्या सवालाला कोणी उत्तर दिले नाही, दांडगाई केली. दुसऱ्यात खोट्या गोष्टीला कोणी सवाल केला नाही. आम्ही आज जे सांगायला उभे आहोत ते यातच आले. सवाल करणे थांबवायचे नाही, आणि खोटे पुढे ढकलायचे नाही. गप्प बसा असे आम्ही तरुणांना सांगणार नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे बोलू दिले नाही, त्याला आज कोणत्या तोंडाने गप्प बस म्हणायचे?

पण वाद कसा घालायचा, हे शिकावे लागते. 'मिलिंदपञ्ह' ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भदंत नागसेनांशी चर्चा करायला येतो, तेव्हा नागसेन आधी अट घालतात. पंडितासारखा वाद करणार असशील तर बोलू, राजासारखा करणार असशील तर नको. राजा फरक विचारतो. त्यांचे म्हणणे असे की, पंडितांच्या वादात चूक दाखवली जाते, चूक कबूल केली जाते, आणि तरी कोणी रागावत नाही. राजा मात्र मत मांडतो, आणि जो कबूल होणार नाही त्याला शिक्षा फर्मावतो. पालघरच्या त्या दवाखान्यावर जो चालून गेला तो राजाचा वाद. आणि आपल्यापैकी कोणी "तुझा पत्ता दे, बघतो तुला" असे लिहितो, तोही राजाचाच वाद. मग बाजू आपली असो की त्यांची!

तरुण मित्र म्हणतील, "पण ते बाबासाहेबांवर घाण लिहितात, तेव्हा काय करायचं? हात बांधून बसायचं?" नाही. ब्रह्मजाल सुत्तात तथागतांनी भिक्खूंना सांगितले आहे की, कोणी माझी, धम्माची, संघाची निंदा केली तर रागावू नका. रागावलात तर तो बोलतो ते खरे की खोटे, हे तुम्हाला कळणारच नाही. जे खोटे आहे ते खोटे म्हणून दाखवून द्या. यात माघार घेणे कुठेच नाही. राग बाजूला ठेवायचा, तो उत्तर नीट देता यावे म्हणून.

शिवाय कायदा आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. या समाजांना पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा बोलून वा लिहून अनादर करणे हा त्यात गुन्हा धरला आहे. तेव्हा मजकुराचा तारखेसह स्क्रीनशॉट काढा, समितीला दाखवा, चार जबाबदार माणसे मिळून लेखी तक्रार द्या. उलट शिवी लिहिलीत की तक्रारदाराचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही. तो समोरचा खोट्या नावाने पळून जातो आणि आपला मुलगा आपल्या खऱ्या नावाने सापडतो. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रात ठेकेदाराकडे कामाला लागायचे तरी पोलिसांकडची पडताळणी लागते, हे इथल्या आईबापांना वेगळे सांगायला नको.

आता उत्तर द्यायचे म्हणजे काय, ते दोन उदाहरणांनी सांगतो. हे दोन सवाल तुम्हाला रोज भेटतात.

पहिला सवाल : "आरक्षण दहाच वर्षांसाठी होते, अजून कसे चालू?" याला रागाने उत्तर देऊ नका, घटनेचे कलम ३३४ दाखवा. दहा वर्षांची मुदत होती ती लोकसभा आणि विधानसभेतल्या राखीव जागांना. ती दर वेळी संसदेने वाढवली. १०४ व्या घटनादुरुस्तीने ती जानेवारी २०३० पर्यंत आहे. नोकरीतल्या आरक्षणाचे कलम १६(४), आणि शिक्षणाचे १५(४), जे १९५१ साली घटनेत आले. या दोन्हींत दहा वर्षे हा शब्दच नाही.

दुसरा सवाल : "बौद्ध झालात, मग सवलती कशाला?" याचेही उत्तर कागदावर आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती हिंदू धर्मापुरत्या मानल्या होत्या. १९५६ साली त्यात शीख आले, आणि १९९० साली बौद्ध आले. कारण सरळ आहे. आपण धर्म बदलला, गावाने आपल्याकडे बघायची नजर बदलली नाही. हे चार ओळींत, शांतपणे लिहिले तर लिहिणारा कबूल होईल असे नाही. पण तो वाद शंभर माणसे मुकाट्याने वाचत असतात, हे ध्यानात ठेवा. आपले उत्तर त्या शंभरांसाठी असते.

मात्र जी कसोटी त्यांना, तीच आपल्यालाही. आपल्या ग्रुपवर येते म्हणून गोष्ट खरी होत नाही. कोलंबिया विद्यापीठाने २००४ साली आपल्या २५० व्या वर्षानिमित्त नामवंत माजी विद्यार्थ्यांची निवड जाहीर केली. तीत बाबासाहेब आहेत, ही अभिमानाची गोष्ट. पण त्यांना तिथे "जगातले पहिल्या क्रमांकाचे विद्वान" ठरवले, असे जे दर चौदा एप्रिलला फिरते, तसा क्रमांक त्या यादीत नाही. विरोधक असले एक खोटे पकडतो आणि आपली दहा खरी वाक्ये पाण्यात घालवतो. ज्यांनी एकेका पुराव्यासाठी ग्रंथालये धुंडाळली, त्यांच्या मोठेपणाला वाढवून सांगायची गरज आहे काय?

आणि वाद कसा करावा, याचा धडा खुद्द बाबासाहेबांनीच घालून दिला आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणातला मजकूर पचेना म्हणून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापून काढले. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. तेव्हा बाबासाहेबांनी काय केले? १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींचे टीकेचे लेखही छापले आणि त्याखाली आपले उत्तर छापले. वाचकाने दोन्ही वाचावे आणि ठरवावे! उत्तर धारदार होते, त्यात काही राखून ठेवले नव्हते. पण विरोधकाचे म्हणणे तोडूनमोडून दाखवले नव्हते. आज अर्धे वाक्य कापून फिरवणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही झेंड्याचे असोत, याच्याशी आपली तुलना करावी.

आणखी एक गोष्ट आपल्या अगदी जवळची आहे. नालासोपारा आपल्याच जिल्ह्यात. तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तिथेच मिळाला. पुढे १९५६ साली नवव्याचा मिळाला. ही चौदा लेखांची मालिका. तिच्यातला बारावा लेख सोपाऱ्याला मिळालेला नाही, गिरनारसारख्या ठिकाणी तो शाबूत आहे. त्यात अशोकाने 'वचगुती' म्हणजे वाणीचा संयम सांगितला. कारण नसताना आपल्या पंथाची थोरवी गाऊ नये, दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये. तसे करणारा शेवटी आपल्याच पंथाची हानी करतो. एवढ्या मोठ्या राजाला ही गोष्ट दगडावर कोरून ठेवावी लागली. म्हणजे भांडणे तेव्हाही होती!

तेव्हा बंधू-भगिनींनो, विहाराच्या या दिवशी प्रत्येक घराने चार गोष्टी ठरवाव्यात, अशी आमची विनंती आहे.

एक, जी गोष्ट आपण तपासली नाही ती पुढे पाठवायची नाही. मुसावादापासून दूर राहण्याचे शील आपण दर वंदनेला घेतो, ते बोटांनाही लागू आहे.

दोन, उत्तर रागात लिहिले तर पाठवायचे सकाळी. रात्रीचे उत्तर सकाळी वाचले की निम्मे आपणच खोडतो.

तीन, दोन वेळा उत्तर देऊनही समोरचा शिव्यांवर आला तर वाद संपला असे समजावे. त्याचा शेवटचा शब्द त्याच्याकडेच राहू द्यावा.

चार, मोठ्यांनी मुलांच्या हातातला मोबाईल नुसता हिसकावू नये. शेजारी बसून विचारावे, "काय म्हणतोय तो? आपलं म्हणणं काय?" घरात ज्याला नीट वाद घालायला मिळतो, तो बाहेर डोके फोडून घेत नाही. विहारात दर रविवारी तासभर असे प्रश्न घेऊन बसावे आणि घटनेचे पुस्तक मध्ये ठेवावे, ही समितीला सूचना आहे. आणि मुलींनाही त्यात बोलू द्यावे. पालघरचा तो सवाल एका मुलीनेच विचारला होता.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले की, घटनेचे मार्ग मोकळे असताना बेबंद मार्गांना जागा नाही. तो इशारा रस्त्यापुरता नव्हता. ज्या मार्गाने आपल्याला माणूसपण मिळाले तो लेखणीचा, पुराव्याचा, सभेचा मार्ग आहे. हातातला मोबाईल ही सुद्धा लेखणीच आहे. ती आपल्या मुलांनी बाबासाहेबांच्या लेखणीसारखी चालवावी, एवढीच मंगल कामना व्यक्त करतो आणि आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जय भीम! जय भारत!