रस्ता कुणाच्या बापाचा?

(तळोजा येथे युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं उभं केलंय ते मी कवी आहे म्हणून नव्हे. कविता नंतर म्हणेन, कुणी थांबलं तर. मला उभं केलंय ते मी रोज पहाटे तळोज्याहून न्हावा शेव्याला जातो म्हणून. मी दहावी पास. बंदरात कंत्राटी लॅशिंगवाला. जहाजावर कंटेनर एकावर एक रचतात, ते समुद्रात पडू नयेत म्हणून लोखंडी सळयांनी आवळायचे आणि जहाज धक्क्याला लागलं की सोडायचे, हे माझं काम.

विषय दिलाय : नवे एक्स्प्रेसवे बांधले तर ट्रॅफिकची कोंडी सुटते का? मागच्या बैठकीत एक भाऊ म्हणाला, यात आपलं काय? आपल्याकडे काय गाड्या आहेत? तो सवाल मी घरी घेऊन गेलो. तर भाऊ, गाडी नाही म्हणूनच हा प्रश्न आपला आहे. कसा ते सांगतो.

आमच्या पाळीतल्या एका पोराच्या मोटारसायकलवर मी मागे बसतो. मुंब्रा-पनवेल रस्त्यावर एमआयडीसीचे टँकर. पुढं कळंबोलीला लोखंड बाजाराचे ट्रेलर. त्याच्या पुढं बंदराचा रस्ता. हा रस्ता आमच्या डोळ्यांदेखत रुंद झाला. आणि आज त्या रुंद रस्त्याच्या कडेला काय आहे? उभे ट्रेलर. जेवढी रुंदी वाढवली तेवढी खाऊन बसलेत. ड्रायव्हर बिचारा टायरजवळ स्टोव्ह पेटवून भात शिजवतोय. त्याचा दोष नाही, त्याला गेटात घेत नाहीत. एकदा या गर्दीत चाळीस मिनिटं गेली. ठेकेदाराच्या माणसानं तोंडानं काही म्हटलं नाही, नुसतं घड्याळ दाखवलं आणि अर्धी हजेरी कापली. कारवाल्याला कोंडी म्हणजे वैताग. एसी लावून गाणी ऐकत बसतो. आपल्याला कोंडी म्हणजे अर्धी हजेरी. म्हणून कोंडी सुटली पाहिजे हे मी कुणापेक्षाही जोरात म्हणतो. सवाल एवढाच, की सुटते कशानं?

आता वायदे मोजा. १९७३ ला वाशीचा पूल झाला. १९९७ ला त्याच्या शेजारी दुसरा. १९९५ ला आलेल्या सरकारनं मुंबईत पंचावन्न उड्डाणपूल बांधायला काढले, त्यापायी १९९६ ला रस्ते विकास महामंडळ काढलं. कळंबोलीपासून पुण्याकडे जाणारा एक्स्प्रेसवे २००२ ला पुरा झाला. तेव्हा मी पाळण्यात होतो. २०१४ च्या सुमारास सायन-पनवेल रस्ता दहा पदरी झाला. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू उघडला. पन्नास वर्षं झाली, दर वेळी नारळ फुटतो, फीत कापली जाते आणि भाषण एकच : आता कोंडी फुटणार. साला, कोंडी फुटली असती तर पुढचा नारळ कशाला लागला असता?

कुणी म्हणेल, माणसं वाढली, गाड्या वाढल्या, रस्ते बांधले नसते तर याहून वाईट झालं असतं. हा आक्षेप खोटा नाही. पण गाड्या आभाळातून पडत नाहीत. त्या कशा वाढतात ते बघू.

समजा एक रस्ता भरलेला आहे. त्याला कंटाळून कुणी सहाला निघतो, कुणी लोकलनं जातो, कुणी जातच नाही. आता शेजारी आठ पदरी नवा रस्ता झाला. पहिले सहा महिने मोकळा. मग सहाला निघणारा आठला निघतो. लोकलवाला हप्त्यावर कार घेतो. न जाणारा जायला लागतो. एवढ्यात बिल्डर पाटी लावतो : एक्स्प्रेसवेपासून पाच मिनिटं! जिथं भात पिकायचा तिथं वीस मजले उभे राहतात, आणि त्या वीस मजल्यांचं पार्किंग रोज सकाळी त्याच रस्त्यावर ओतलं जातं. म्हणजे रस्त्यानं गर्दी वाहून नेली नाही, त्यानं गर्दीला आवतण दिलं.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. आपल्यातल्या इंजिनीअरिंगच्या एका पोरानं मला वाचून दाखवलं. अमेरिकेत अँथनी डाउन्स नावाच्या माणसानं हे १९६२ लाच लिहून ठेवलंय. २०११ मध्ये ड्युरँटन आणि टर्नर या दोघांनी तिथल्या शहरांचा हिशेब मांडला : हमरस्ते जेवढ्या टक्क्यांनी वाढले, गाड्यांचं धावणं जवळजवळ तेवढ्याच टक्क्यांनी वाढलं. ह्यूस्टन शहरात केटी फ्रीवे २००८ ला रुंद केला, काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून सव्वीस पदर! तीन-सहा वर्षांत गर्दीच्या वेळी त्यावरून जायला पुन्हा जास्त वेळ लागायला लागला. आणि तो देश असा, जिथं बहुतेक घरात गाडी आधीपासून आहे. आपल्याकडे तर अजून बहुतेक घरांत कार यायचीच आहे. मग आपले पदर किती दिवस पुरतील?

दुसरी गोष्ट बंदरावरची. जहाजावरून माल उतरवणाऱ्या क्रेन दुप्पट केल्या आणि गेट तेवढंच ठेवलं तर काय होतं? यार्ड तुंबतं. माल लवकर बाहेर जात नाही, लवकर अडकतो. माझा आजा मुंबईच्या गोदीत हमाल होता. ऑरेंज गेटातून आत शिरायचा. त्याच बाजूला २०१३ मध्ये ईस्टर्न फ्रीवे उतरवला. चेंबूरहून गाडी सुसाट येते आणि गोदीशी येऊन थांबते, कारण पुढचं शहर तेवढंच आहे. आता म्हणे त्या ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत जमिनीखालून बोगदा. म्हणजे एका रस्त्याची गर्दी निस्तरायला दुसरा रस्ता. मरीन ड्राइव्हच्या पुढं काय? समुद्र.

आता कुणी हात वर करील : पण अटल सेतू तर मोकळा आहे! आहे ना. मी नाकारत नाही. एकवीस-बावीस किलोमीटरचा पूल, शिवडीहून चिर्ल्याला गाडी बघता बघता येते. पण तो मोकळा का आहे? उघडला तेव्हा कारला एका बाजूचे अडीचशे रुपये लावले. दुचाकी बंद. रिक्षा बंद. पायी बंद. आमच्या पाळीत जाता-येता पावणेचारशे रुपये पुलाला देईल असा एक माणूस दाखवा. मित्रांनो, तो पूल मोकळा आहे कारण त्याच्यावर आपण नाही. कोंडी सुटलेली नाही, कोंडीतून काही लोक सुटलेत. बाकीचे खाली.

पुण्याच्या एक्स्प्रेसवेच्या तोंडाशी पाटी आहे, कुणाकुणाला बंदी त्याची. पादचारी, सायकल, दुचाकी, तीनचाकी, बैलगाडी. ती पाटी वाचताना माझ्या पोटात काहीतरी हलतं. १९३६ साली जात-पात तोडक मंडळानं बाबासाहेबांचं भाषण होऊ दिलं नाही, ते त्यांनी छापलं. त्यात पेशवाईतला रस्ता आहे : आपल्या माणसाच्या कमरेला झाडू, गळ्यात मडकं. १९२४ साली केरळात वैकोमला सत्याग्रह झाला तो देवळात शिरायला नव्हे, देवळाभोवतीच्या रस्त्यावरून नुसतं चालायला. मी उगाच बरोबरी करत नाही. शंभरच्या वेगानं गाड्या धावतात तिथं सायकल घातली तर माणूस मरेल, हे मला कळतं. पण मग हिशेब सरळ ठेवा. रस्ता सरकारच्या ताकदीनं घेतलेल्या जमिनीवर, सरकारच्या हमीच्या कर्जावर उभा राहतो, आणि ज्याच्याकडे चार चाकं नाहीत त्याच्या वाट्याला त्याच्या शेजारची धूळ येते. मग त्याला सार्वजनिक म्हणू नका.

जमिनीचंही ऐका. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याला जमिनीसाठी पाच माणसं गोळीला पडली, तेव्हा कुठं मोबदल्याची भाषा बदलली. त्यांना माझा सलाम. पण मोबदला जातो सातबाऱ्यावरच्या नावाला. ज्याचं नाव सातबाऱ्यावर कधी चढूच दिलं नाही, जो गायरानावर, दुसऱ्याच्या बांधावर राहिला, त्याला आधी सिद्ध करावं लागतं की तो इथं राहत होता. २०१३ च्या कायद्यात अशा मजूर कुटुंबांचीही दखल आहे. तो कायदा वाचा. आपल्या गावातून आता विरार-अलिबागची आखणी जाते, वडोदऱ्याकडून येणारा रस्ता मोरब्याला उतरतो. नोटीस आली की वाचता आली पाहिजे. ज्या ब्लॅक पँथरांकडून आपल्या पँथरांनी १९७२ ला नाव घेतलं, त्यांच्या देशात सेंट पॉल शहरात रोंडो नावाची काळ्यांची भरली वस्ती हमरस्त्यानं मधोमध फाडली. रस्त्याची रेघ नकाशावर कुणाच्या घरावरून ओढायची, हे दुबळा कोण ते बघून ठरतं.

मग रस्ते नकोच का? असं मी म्हणत नाही. पनवेल-कर्जतच्या डोंगरात वाड्या आहेत, तिथून आजारी बाई झोळीत घालून खाली आणतात. तिथं रस्ता म्हणजे जीव. तो आधी करा. ट्रेलरला गावाबाहेरून वाट द्या, उभं राहायला जागा द्या. पण एका मालगाडीत वीस फुटी नव्वद कंटेनर जातात. नव्वद ट्रेलर रस्त्यावरून उतरवायचे असतील तर रूळ वापरा, पदर नको.

माणसांचाही तोच हिशेब. एका पदरावरून तासाला फार तर दोन हजार कार जातात, बहुतेकांत एकच माणूस. गर्दीची एक लोकल चार-पाच हजार माणसं एका फेरीत नेते. आपल्या तळोजे पाचनंद स्टेशनातून दिवा-पनवेल लाइन साठ वर्षं जाते. रूळ आहेत, स्टेशन आहे, आपल्याला थांबणाऱ्या गाड्या मात्र बोटावर मोजण्याइतक्या. बेलापूर ते पेंधर मेट्रो, अकरा किलोमीटर, २०११ ला काम सुरू, २०२३ च्या नोव्हेंबरात पहिली गाडी. बारा वर्षं! समुद्रावरचा पूल २०१८ ला सुरू होऊन सहा वर्षांत उभा राहिला. पैसा नाही, तंत्र नाही, असं कुणी सांगू नये. घाई कुणासाठी आहे ते बघा. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारात लटकणारी माणसं खाली पडून मेली. ती कामाला निघाली होती. त्यांच्या वाट्याचा एक डबा कुठं गेला, हे कोंडीच्या चर्चेत कुणी विचारलं नाही.

आता काम. येत्या सोमवारी सकाळी सहा ते दहा तळोजा नाक्यावर चौघांनी उभं राहायचं. वही घ्यायची. गाड्या मोजू नका, माणसं मोजा. कारमध्ये किती, बसमध्ये किती, मोटारसायकलवर किती, पायी किती. सरकारी अहवाल गाड्या मोजतात, म्हणून त्यांना रस्ता कमी वाटतो. आपण माणसं मोजली तर बस कमी वाटेल, लोकल कमी वाटेल, फुटपाथ तर सापडणारच नाही. ती वही घेऊन स्टेशन मास्तरकडे, महापालिकेकडे जाऊ. दिवा-पनवेलला लोकल, पहाटेच्या पाळीला बस, नाक्यावर पायी ओलांडायची वाट. या तीनच मागण्या.

माझी रविवारी रात्रपाळी आहे. सकाळी सुटून मी थेट नाक्यावर येतो. ट्रॅफिकमध्ये उशीर झाला तर वही उघडून सुरू करा, माझी वाट बघू नका.

जयभीम.