ईदच्या बिर्याणीपलीकडे

(दादर येथील तरुणांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मित्रांसोबतच्या जेवणावर बोला असं मला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, शेफ नाही. आयोजक म्हणाले, तुम्ही मंडळी गेली काही वर्षं एकत्र जेवताय ना, तेवढंच सांगा. तर तेवढंच सांगतो. सुरुवात मात्र एका कबुलीने करतो.

पहिल्या नोकरीत ईद जवळ आली की सगळ्यांचा एकच प्रश्न असायचा, "भाई, बिर्याणी कधी?" आता आम्ही कोकणी मुसलमान, मूळ गाव दापोली तालुक्यातलं. घरी रोजचं जेवण म्हणजे भात, तांदळाची भाकरी, मासळीचं कालवण. बिर्याणी वर्षातून दोन-तीनदा. वीस माणसांची बिर्याणी करणं अम्मीला झेपणारं नव्हतं. मग मी काय केलं? हॉटेलातून मागवली, घरच्या पातेल्यात ओतली आणि "अम्मीने केलीय" म्हणून ऑफिसात नेली. एक वर्ष नाही, चार वर्षं.

आणि ह्याच चार वर्षांत माझ्या डब्यात सुकट असली की मी जिन्याजवळ एकटा बसून जेवायचो. वास येतो म्हणून. म्हणजे जे माझ्या घरचं होतं ते लपवलं आणि जे घरचं नव्हतं ते माझं म्हणून वाढलं. लोकांच्या मनात मुसलमानाच्या घराचं एक चित्र होतं. त्यांनी ते माझ्यावर लादलं असं मी म्हणणार नाही. मीच जाऊन त्या चित्रात बसलो.

हे मोडलं एका जूनच्या संध्याकाळी. टीममधला एक मित्र लालबागच्या चाळीत राहतो. त्याला आपण लालबागकर म्हणू. पाऊस इतका की गाड्या बंद. तो म्हणाला, चल घरी. काकूंनी दार उघडलं आणि आतून ओळखीचा वास आला. काकू जरा अवघडून म्हणाल्या, "अरे, आज काही खास नाही, सुकट आणि भाकरी आहे. चालेल का तुला?"

मी म्हटलं, "काकू, चालेल काय, मी तिच्यावरच वाढलोय. तुम्ही कैरी घालता की कोकम?"

पुढचा तासभर आम्ही दोघं बोलत होतो आणि लालबागकर नुसता जेवत होता. कृती जवळपास सारखीच. सुकट कोरडी भाजायची, मग धुवायची. भरपूर कांदा तेलावर परतायचा, हळद, लाल मसाला, मग सुकट, अगदी थोडं पाणी, वरून कोथिंबीर. काकू कैरीच्या फोडी घालतात, अम्मी कोकम घालते. फरक तेवढाच.

हे सारखं का, ह्याचं उत्तर सोपं आहे. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि समुद्र खवळलेला. म्हणून कोकणातल्या प्रत्येक घरात उन्हाळ्यातच जवळा, सुकट, सुके बोंबील भरून ठेवायचे. त्याच उन्हाळ्यात वर्षाचा मसाला. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्या आणायच्या, वाळवायच्या, डंकावर कुटून घ्यायच्या. माझी दादी त्यासाठी डोंगरीहून लालबागच्या मसाला बाजारात यायची. लालबागकरची आजी तर तिथलीच. एप्रिल-मे महिन्यात दोघी कधीतरी एकाच डंकासमोर रांगेत उभ्या राहिल्या असतील. त्यांचे नातू मात्र भेटले बिर्याणीवर, आणि तीही हॉटेलची.

त्या पावसानंतर आम्ही सहा जणांनी ठरवलं की वर्षातून चार वेळा एकमेकांच्या घरी जेवायचं आणि त्या ऋतूत त्या घरात जे शिजतं तेच शिजवायचं. सणाचं वेगळं काही नको, हॉटेलचं तर नकोच. मी परळला राहतो. लालबागकर शेजारीच. गिरगावकरचं घर शाकाहारी. दादरची एक मैत्रीण सीकेपी, म्हणजे मासळीच्या बाबतीत आम्हालाही ऐकवणारी. उरलेले दोघं पुढे येतीलच.

इंजिनिअर असल्याने मी ह्या जेवणांचं वर्षभराचं वेळापत्रक करायला बसलो आणि गंमत लक्षात आली. आपलं हिजरी पंचांग चंद्रावर चालतं, मराठी पंचांगातले महिनेही चंद्रावरच. बारा चांद्रमासांचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवस कमी. मराठी पंचांग ही तूट अधिक महिना घालून भरून काढतं, जसा २०२३ साली अधिक श्रावण होता. म्हणून गणपती नेहमी पावसाच्या शेवटाला येतात. हिजरी पंचांग तूट भरत नाही. म्हणून रमजान दरवर्षी ११ दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो.

मी दुसरीत होतो तेव्हा १९९८ ची रमजान ईद जानेवारीत होती. दादी इफ्तारला गरम सूप करायची. २०१८ साली रमजान मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत होता, तेव्हा दस्तरखानावर हापूस होता आणि शेवटी शेवटी पाऊस. २०३० मध्ये तर रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीला. म्हणजे इफ्तारचं जेवणही ऋतूचंच जेवण आहे. आपण मात्र बाराही महिने तीच भजी आणि तेच सरबत मांडतो. आमच्या गटात आता इफ्तार कुठल्या महिन्यात आहे ते बघून मित्र वस्तू आणतात. मागे एकदा थंडीत लालबागकरने तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीला करतात तशी मिसळीची भाजी आणली. अब्बांनी नमाजनंतर तीच खाल्ली, मटणाला हात लावला नाही.

सगळं गोडगोड चाललं असं समजू नका. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये माझी पाळी होती. दादर स्टेशनबाहेर वसई-पालघरकडच्या बाया रानभाज्या घेऊन बसतात. तिथे शेवळं दिसली. दादरकरणीकडे सोडे घालून केलेली खाल्ली होती, म्हणून मोठ्या हौसेने पाच जुड्या घेतल्या. बाईने विचारलं, "काकडं नको?" मला वाटलं, मुलं दोन पैसे जास्त काढायला बघतात तशी ही बघतेय. नको म्हटलं. शेवळं खाजरी असतात. त्यांना काकडांचा किंवा चिंचेचा आंबटपणा लागतो आणि आतला दाणेदार भाग काढून टाकावा लागतो. मी दोन्ही केलं नाही. पहिल्या दोन घासांत सहा जणांचे घसे धरले. दही, गूळ, काय मिळेल ते खाल्लं. दादरकरीण म्हणाली, "विचारायला काय झालं होतं तुला?" खरंच, काय झालं होतं? दुसऱ्याच्या घरातलं काही आपण उचलतो तेव्हा विचारून उचलावं, एवढं मी त्या दिवशी शिकलो.

आता जरा कठीण भागाकडे येतो.

गिरगावकर मांसाहार करत नाही. त्याच्यासाठी मी एक वेगळा टोप आणि वेगळा तवा घेतला. त्यात मांस-मासळी शिजत नाही. ह्यावर आमच्यातल्याच एकाने मला टोकलं. तो बौद्ध आहे, त्याने वेगळी भांडी म्हणजे काय ते घरच्यांच्या तोंडून ऐकलंय. तो म्हणाला, "तू पुन्हा वेगळं भांडं चालू केलंस?"

मी बरेच दिवस ह्याचा विचार केला. कारण वेगळं भांडं मीही पाहिलंय. शाळेत असताना एका मित्राच्या घरी सगळ्यांना कपात चहा आला आणि मला खिडकीतल्या स्टीलच्या पेल्यात. कोणी काही बोललं नाही. मी चहा प्यायलो, पेला स्वतः धुतला आणि तिथेच ठेवला. आणि तितकीच खरी गोष्ट ही की आमच्याही घरी एक पेला होता. मोरीच्या वर, सफाईला येणाऱ्या मावशींसाठी. माझ्या नमाजी, प्रेमळ दादीने ठेवलेला. आपल्यात जातपात नाही असं आपण मिंबरवरून ऐकतो. आमच्या मोरीवर ती होती.

टोप आणि पेला ह्यांत फरक आहे असं मला वाटतं. तू माझ्या घरी जेवावंस म्हणून मी टोप वेगळा ठेवतो. तुझा स्पर्श मला नको म्हणून पेला वेगळा ठेवला जातो. एक जवळ बसवतो, दुसरा लांब. गिरगावकरची आईही असंच करते. गणपतीत नैवेद्य दाखवण्याआधी चार मोदक माझ्यासाठी बाजूला काढते, कारण आमच्या घरी प्रसाद खात नाहीत हे तिला मी मोकळेपणाने सांगितलंय. तुमच्यापैकी कोणी प्रसाद खात असेल, कोणी नसेल. तो तुमचा निर्णय. पण खोटं कारण सांगून ताट परत पाठवू नका. खरं कारण ऐकून कुठलीही काकू रागावत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि बौद्ध मित्राला मी टोपाचं कारण सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ठीक, पण पेला गेला का घरून? गेला. मीच टाकला. दादी हयात असताना मात्र टाकण्याची हिंमत झाली नाही, हेही सांगितलं पाहिजे.

ही लढाई ह्याच शहरात जुनी आहे. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. मराठीचं व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तिच्या संस्थापकांत होते. सभासद होताना ख्रिस्ती बेकऱ्याचा पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. विचार करा, आपल्या हातचं पाणी ही त्या काळी क्रांतीची परीक्षा होती! पण सभा गुप्त होती. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटणार म्हणून सगळे हादरले आणि सभाच मोडली. पुढे १८६७ मध्ये दादोबांचे भाऊ आत्माराम पांडुरंग ह्यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उघडपणे सुरू झाला. गिरगावात बसच्या कंडक्टरकडे आपण त्याच नावाचं तिकीट मागतो.

आज मागे वळून त्या घाबरलेल्या सभासदांना हसणं सोपं आहे. पण आमच्या सहा जणांतल्या एकाच्या घरी तो माझ्याकडे जेवतो हे अजून माहीत नाही. म्हणून आम्ही जेवणाचे फोटो कुठेही टाकत नाही. मी त्याला भित्रा म्हणत नाही. तो येतो, ह्याची किंमत त्याला माझ्यापेक्षा जास्त मोजावी लागते.

आणखी एक गोष्ट, खास करून इथल्या मुलग्यांसाठी. पहिल्या वर्षी यजमान मी होतो, पण स्वयंपाक सगळा अम्मीचा. मी फक्त ग्रुपवर मेसेज टाकायचो. तिसऱ्या जेवणानंतर अम्मी म्हणाली, "मित्र तुझे, कंबर माझी." ह्याच गिरणगावात हजारो कामगार खाणावळवाल्या बायांच्या हातचं जेवले. त्या बाया वाण्याकडून उधारीवर सामान उचलून रांधायच्या आणि पगाराच्या दिवसाची वाट बघायच्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव ह्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि ह्या बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे ते राबणं काम म्हणून मोजलं गेलं. आपल्या घरात ते अजून मोजायचं आहे. आमच्या गटाचा नियम आता असा आहे की जो बोलावेल त्यानेच रांधायचं आणि भांडीही त्यानेच घासायची. जेवण साधं होतं, कधी बिघडतं. चालतं.

आता जाता जाता. दादी कुणाचंही ताट रिकामं परत पाठवायची नाही. शेजारून काही आलं की त्याच ताटात लिंबं, खजूर, काहीतरी ठेवायची. गेल्या जानेवारीत मी सांदणं केली. आमची सांदणं पांढरी, नारळाच्या दुधातली. लालबागकरकडे उन्हाळ्यात होतात ती फणसाची, पिवळी. ज्या मित्राच्या घरी माहीत नाही, त्याला मी एक डबा भरून दिला. तो म्हणाला, घरी सांगेन, ऑफिसातल्या मित्राने दिलं. नाव सांगेन की नाही, माहीत नाही.

सोमवारी डबा परत आला. धुतलेला, आणि त्यात तिळाचे चार लाडू. त्याने नाव सांगितलं का, हे मी अजून विचारलेलं नाही.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. ईदची वाट बघू नका. येत्या महिन्यात एकाच मित्राला किंवा मैत्रिणीला घरी बोलवा, तुमच्या घरी मंगळवारी जे शिजतं ते स्वतः शिजवून वाढा, आणि त्याने बोलावलं की तुम्हीही जा. बिर्याणी मागितली तर सांगा, ती ईदला. आज सुकट आहे.