लिंबाची फोड आणि ग्रंथाचे पान
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



बुऱ्हाणपूर म्हटले की तापीचा घाट, केळीच्या बागा, मावा जिलेबी आणि कुंडी भंडाऱ्याचे पाणी यांची आठवण होते. लिंबाला असा मान कोणी दिलेला नाही. तरीही पानात मीठ वाढले की त्याच्या शेजारी लिंबाची फोड वाढायची, ही मराठी घरांची रीत निमाडात येऊनही सुटलेली नाही. ही एवढीशी फोड नेमके काय करते, हा आजचा विषय आहे.

इंग्लंडचा राजदूत सर टॉमस रो जहांगीर बादशहाच्या भेटीस निघाला, तेव्हा वाटेत १६१५ च्या नोव्हेंबरात तो याच बुऱ्हाणपुरात शहजादा परवेझच्या दरबारात हजर झाला. ज्या कंपनीच्या व्यापारासाठी तो आला होता, तिच्या खलाशांना त्या काळी शत्रूच्या तोफांपेक्षा स्कर्व्ही या रोगाचे भय अधिक होते. हिरड्या सुजून रक्त येई, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माणूस झिजून मरे. १६०१ मध्ये कंपनीच्या पहिल्या सफरीत कप्तान लँकेस्टरने आपल्या जहाजावरील माणसांना रोज सकाळी तीन चमचे लिंबाचा रस दिला. बाकीच्या तीन जहाजांवरील खलाशी इतके दुबळे झाले की, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्यांच्या होड्या पाण्यात सोडण्यासाठी लँकेस्टरची माणसे धाडावी लागली. कंपनीचा शल्यवैद्य जॉन वुडॉल याने १६१७ मध्ये छापलेल्या ग्रंथात या रसाची शिफारसही केली.

ग्रंथ छापला गेला, पण तो वाचून वागणारे थोडेच निघाले. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलाच्या वैद्याने बारा रोग्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला निराळा उपचार दिला. ज्या जोडीला दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले, ती अवघ्या सहा दिवसांत सुधारली. लिंडचा ग्रंथ १७५३ मध्ये निघाला आणि नौदलाने लिंबाचा रस १७९५ मध्ये सुरू केला. मधल्या बेचाळीस वर्षांत जे खलाशी गेले, ते केवळ रोगाने गेले असे म्हणवत नाही.

याहून बोधप्रद प्रसंग पुढचा आहे. १८६० च्या सुमारास भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधील लहान हिरवी लिंबे वापरात आली. दोन्ही आंबट, म्हणून दोन्ही सारखीच, असा समज झाला. रस साठवताना त्याला हवा आणि उजेड लागे. तो तांब्याच्या नळ्यांतूनही जाई. १८७५ मध्ये उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या नेअर्सच्या मोहिमेत, रस जवळ असूनही, स्कर्व्ही उद्भवली. मग लिंबाचा गुण हीच दंतकथा आहे, असे विद्वान म्हणू लागले. गुण आंबटपणात नसून ‘क’ जीवनसत्त्वात आहे आणि तांबे त्याचा नाश घडवून आणते, हे विसाव्या शतकात उलगडले. हे द्रव्य वेगळे करणाऱ्या सेंट-ज्यॉर्जी यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आंबट ठेवू नये, हे आपल्याकडील आजीबाईंचे म्हणणे विषबाधेच्या भयातून आलेले. पण त्याने लिंबाचाही गुण राखला.

आता घरातील लिंबाचा हिशेब. शंभर ग्रॅम ताज्या रसात साधारण तीस ते पन्नास मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. एका कागदी लिंबातून वीस ग्रॅम रस निघाला, तर हाती येतात सहा ते दहा मिलिग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सुचविलेली रोजची मात्रा पुरुषांस ऐंशी, स्त्रियांस पासष्ट मिलिग्रॅम आहे. म्हणजे एका लिंबावर भागत नाही. त्याला संत्र्याची, मोसंब्याची जोड हवी. पेरू आणि आवळा तर या बाबतीत लिंबूवर्गीय फळांच्याही पुढे आहेत.

मग फोडीचे महत्त्व काय? ती जेवणाबरोबर येते, हे तिचे महत्त्व. ज्वारी, डाळी आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याच घासाबरोबर ‘क’ जीवनसत्त्व व लिंबातील आम्ल पोटात गेले, तर ते अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमके याच्या उलट करतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातील सत्तावन्न स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ज्या घरात गृहिणी सर्वांच्या मागून जेवते, तिथे तिच्या पानापर्यंत फोड उरत नाही. उरतो तो चहा. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि त्यावर वैद्याचा सल्ला व लोहाच्या गोळ्या हाच उपाय आहे. तरी वाढणाऱ्या हाताने एक फोड स्वतःसाठी आधी बाजूस काढून ठेवावी, याला काही खर्च येत नाही.

निमाडच्या उन्हाळ्यात घाम फार जातो, लघवी घट्ट होते आणि मूतखड्यास वाव मिळतो. लिंबातील सायट्रेट विशिष्ट प्रकारचे खडे धरू देत नाही. म्हणून साखर बेताची असलेले लिंबूपाणी हितकर. मात्र लिंबाने सर्दी टळते, चरबी वितळते, ही भाबडी समजूत होय. सर्दीचे दिवस थोडे कमी होतात, इतकेच नियमित ‘क’ जीवनसत्त्वाविषयी सांगता येते. दिवसभर आंबट चोखल्याने दातांचे कवच झिजते. रस हाताला लागलेला असताना उन्हात बसल्यास कातडीवर डाग पडतात. पपनसासारखी फळे काही औषधांशी जुळत नाहीत. नित्य औषध घेणाऱ्यांनी वैद्यास विचारावे. लिंबू चुलीवरून भांडे उतरल्यावर पिळावे, चिरून फार वेळ ठेवू नये आणि मुरलेल्या लोणच्याकडून ताज्या फोडीच्या गुणाची अपेक्षा करू नये.

वुडॉलचा ग्रंथ फडताळात होता आणि खलाशी मरत होते. ग्रंथालयाने शंभर वर्षे पुस्तके जपली, हे थोर कार्य आहे. ती उघडून वाचणे आणि वाचलेले पानात वाढणे, हे सभासदांचे काम आहे.