कापूर, कापूस आणि छातीचा एक्स-रे



गटातल्या एखादीचा खोकला थांबत नाही, मग डॉक्टर म्हणतात, छातीचा एक्स-रे काढून आणा. म्हणजे वर्धा नाहीतर सेवाग्राम गाठा. गाडीभाडं जातं, मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागतो. हे यंत्र लहान होऊन गावात येईल का? आम्ही माहिती काढली, ती आज सांगतो.

एक्स-रेच्या नळीत इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचे अतिसूक्ष्म कण, धातूवर जोरात आदळतात. ते कण सुटावेत म्हणून आतली तार रसरशीत तापवतात. पण टोक फार अणकुचीदार असलं, तर विजेची ओढ तिथे एकवटते आणि न तापवताही कण सुटतात. असं टोक कार्बनच्या नॅनोनळीला असतं. ती आपल्या केसापेक्षा हजारो पटींनी बारीक असते.

ही नळी आरतीच्या कापरापासूनही होते! मुंबईच्या आयआयटीत कापरापासून कार्बन बनवण्याचं काम झालं. पुढे जपानच्या मेइजो विद्यापीठात मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी कापराच्या वाफेतून उभ्या नळ्या वाढवल्या आणि त्यांतून इलेक्ट्रॉन कसे सुटतात तेही तपासलं. घरी कापूर जाळून मात्र नुसती काजळीच मिळते. ती छातीत घेऊ नका.

या नळ्यांचा थर रबरासारख्या पातळ पडद्यावर बसवता येतो. पिंजलेला कापूस ताणला तरी धागे एकमेकांना धरून राहतात ना? तसंच इथेही. पडदा ताणला तरी वीज वाहत राहते. नळ्या फार दाट असल्या तर एकमेकींची ओढ अडवतात, जशी दाट पेरलेली तूर एकमेकींचं ऊन अडवते. पडदा ताणून त्यांच्यातलं अंतर वाढवता येतं.

न तापवता चालणाऱ्या नळीची एक्स-रे यंत्रं परदेशात बनली आहेत. यंत्र लहान झालं तरी मोठ्या दाबाची वीज आणि किरणांपासून आडोसा लागतोच. ताणणाऱ्या पडद्याचं काम तर अजून प्रयोगशाळेतलंच आहे.

म्हणून बायांनो, यंत्राची वाट पाहत बसू नका. खोकला दोन आठवड्यांवर गेला, की सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी फुकट असते. एकटीला जाणं जमत नसेल, तर गटातली एक जण सोबत जाऊ. विज्ञान येईल तेव्हा येईल, सोबत आजच देता येते.